पाट्या

कमिटीची बैठक बॉयलरच्या खोलीत भरली,
कारण तेवढी एकच खोली उबदार होती.
मी खजिनदार. वही उघडली आणि मिटली.
शिल्लक: एक्केचाळीस पौंड, थोडी चिल्लर,
आणि कॉर्नरच्या चार झेंड्यांपैकी तीन.

मागच्या शनिवारी प्रेक्षक एकोणीस.
त्यांतले दोन पाहुण्या संघाचे,
आणि एक कुत्रा, जो मेन्नाने
आकड्याची लाज राखायला मोजला होता.

हातपाय हलवले नव्हते असं नाही.
गोलकीपर इदवल पोस्टमन आहे;
महिनाभर प्रत्येक पत्रासोबत
त्याने तोंडी आमंत्रण वाटलं.
लोक म्हणाले, येऊ की. आणि दार लावून घेतलं.
लेफ्ट बॅकचं केस कापायचं दुकान आहे.
त्याने काचेवर लिहिलं:
आपण हरलो, तर सोमवारी निम्मा दर.
नोव्हेंबर संपेतो सगळं गाव
सैन्यात भरती झाल्यासारखं दिसू लागलं.
मैदान रिकामंच.

मग नेरिस बोलली.
ती संघाचे कपडे धुते, बैठकीत बोलत नाही सहसा.
म्हणाली, आपल्याकडे दगड आहे.

खरं होतं. नांत-दीत दुसरं आहे काय?
शंभर वर्षं डोंगर सोलून सोलून
आम्ही परक्या शहरांची छपरं शाकारली,
फुटक्या कपच्या तेवढ्या इथे टाकल्या, गावाच्या उशाला.
चर्चच्या मनोऱ्याहून उंच ढीग,
काळे, ओले, फुकट.

माणशी एक पाटी, ती म्हणाली.
गोलमागच्या भिंतीला टेकवून ठेवू.
ज्याने त्याने आपलं नाव लिहावं.

कोरून घ्यायला पैसे पडतात, मी म्हटलं.
खडूने, ती म्हणाली.
अगं, इथे पाऊस पडतो.
ती म्हणाली, हो.

एवढंच. हो.
मला ते कळायला चार शनिवार लागले.

पहिल्यांदा पोरं आली, शाळेतले खडू ढापून.
पुढच्या शनिवारी बघतात तो पाट्या कोऱ्या.
पुन्हा लिहायला आली, या खेपेला आयांना घेऊन.
माझी कुठली? ती बघ, कोपरा उडालेली.
माणूस हळूहळू आपला दगड ओळखू लागतो.
नावाखाली कुणी गोलांचा अंदाज लिहिला,
कुणी लिहिलं, पंचाला चष्मा घ्या,
कुणी, रंगकामाला शिडी हवी आहे, उंच.
एका घरातल्या दोघांनी बोलणं टाकलं होतं;
त्यांच्या पाट्या भिंतीच्या दोन टोकांना.
जानेवारीत त्यांच्यामधलं अंतर जरा कमी झालं.
कुणी सरकवली, माहीत नाही.

पण म्हातारा ल्लिवार्ख येईना.
चौपन्न वर्षं एक सामना न चुकवलेला माणूस,
बायको गेल्यापासून
खिडकीचा पडदाही न सारणारा.
त्याची पाटी दर शनिवारी कुणीतरी लिहायचं.
कोण, ते मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत, मध्यंतराला, फाटकाशी आरडाओरडा.
ल्लिवार्ख. पायात सपाता, अंगात कोट.
"माझ्या नावात ल दोनदा येतो! दोनदा!
सगळ्या गावात एकाला लिहिता येऊ नये?"
(टपाल टाकताना इदवल त्याच्या कानावर घालून आला होता. सहजच, म्हणे.)

नेरिसने मुकाट खडू पुढे केला.
तिची बोटं आधीच पांढरी होती.

त्याने पाटी मांडीवर घेतली,
थुंकी लावली, मनगटाने पुसली,
बिगारीतल्या पोरासारखी,
आणि जीभ दातांत धरून नाव लिहिलं.
एक ल. दुसरा ल.
मग पाटी उलटी केली आणि मागच्या बाजूला
बारीक अक्षरात बायकोचं.

तो सामना आम्ही हरलो, तीन-शून्य.
तिकिटाचे पैसे त्याने दिले नाहीत, मीही मागितले नाहीत;
वहीत 'येणे' या रकान्यात मांडून ठेवले.
रात्रभर पाऊस होता.

पुढच्या शनिवारी मी साडेबाराला कुलूप काढायला गेलो,
तर हा आधीच उभा,
खिशात स्वतःचा खडू,
आणि डोकं बारीक कापलेलं,
निम्म्या दरात.